कोकणात बोर्ड गेमचं दुकान काढताय? गिऱ्हाईक नेमकं काय शोधत येतं ते आधी बघा

चिपळूण, कुडाळ, रत्नागिरी किंवा अलिबागला बोर्ड गेमचं दुकान काढायचं ठरलं की बहुतेक जण आधी माल कुठून मिळेल याची चौकशी करतात. माल आज कोणालाही मिळतो. मालवणातली कॉलेजची मुलगी 'कॅटान' या बोर्ड गेमचा खोका मोबाइलवरून घरपोच मागवू शकते, तोही बहुधा तुमच्या भावापेक्षा स्वस्त. तरी ती दुकानात येईल, कारण खोका उघडल्यावर तिला तीन भिडू लागतात, नियम समजावून सांगणारं कोणी लागतं आणि बाहेर पाऊस कोसळत असताना दीड तास निवांत बसायला जागा लागते. दुकानाने या तीन गोष्टी दिल्या तर खोका आपोआप विकला जातो. त्या दिल्या नाहीत, तर फळीवर कितीही उत्तम खेळ ठेवा, त्यांच्यावर बुरशीच चढेल.

स्टेशनरीच्या किंवा खेळण्यांच्या दुकानाचा एक कोपरा या कामाला द्यायचा विचार असेल, किंवा नवी जागा घेऊन हेच करायचं असेल, तर पुढच्या पायऱ्या क्रमाने घ्या.

पायरी १: दुकानाआधी एक टेबल आणि एक वही

भाड्याचा करार करण्याआधी महिनाभर एक टेबल मांडून बघा. वाचनालयाची खोली, शाळेचा व्हरांडा, दुपारी तीन ते सहा रिकामी असलेली खानावळ, काहीही चालेल. वाचनालय सगळ्यात बरं. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ सालचं आहे, आणि शांतपणे तासभर बसायची सवय असलेली माणसं अशा ठिकाणी आधीच येत असतात.

टेबलाजवळ वही ठेवा आणि लोक जे विचारतील ते त्यांच्याच शब्दांत लिहा. 'किती वेळ लागतो?', 'दोघांनाच खेळता येतो का?', 'इंग्रजी वाचावं लागतं का?', 'आईला जमेल का?' हे प्रश्न पुन्हा पुन्हा येतील. खेळाला कुठलं पारितोषिक मिळालं किंवा जगात तो कितवा आहे, हे क्वचितच कोणी विचारेल. दुकानदार मात्र नेमका त्याच याद्यांवरून माल भरतात, आणि तिथेच गिऱ्हाइकाशी चुकामूक होते.

वही भरत आली की दिसेल की कोकणातलं गिऱ्हाईक एका साच्याचं नाही. कॉलेजच्या मुलांना थोड्या पैशात बराच वेळ बसायचं असतं. महागडा खोका ती सहसा घेत नाहीत, पण दुकान जिवंत ठेवतात तीच. पालकांना मुलाच्या हातातला मोबाइल सुटायला हवा असतो. बदलीवर आलेले बँकेतले कर्मचारी, शिक्षक, रेल्वेतली माणसं यांना खेळापेक्षाही सोबत हवी असते, आणि एकदा ओळख झाली की सगळ्यात नियमित येतात तेच. बंदरावरच्या गावात आणखी एक वर्ग आहे. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. त्या दोन महिन्यांत हर्णै, मिरकरवाडा, देवगड इथल्या खलाशांना आणि तांडेलांना वेळ असतो, आणि त्यांचा खेळ कॅरम. त्यांना दुकानात यायला संकोच वाटू नये अशी मांडणी तुमच्याकडे आहे का, हे स्वतःला विचारा. काचेच्या कपाटात ठेवलेले इंग्रजी खोकेच समोर दिसले तर ते उंबऱ्यावरूनच परत फिरतात.

पायरी २: बसायची जागा

चौघांच्या खेळाला तीन फूट बाय तीन फुटांचं टेबल पुरतं. सहा जणांना पाच बाय तीन फूट लागतं. टेबल डुगडुगणार नाही याची खात्री करा, कारण एका धक्क्यात तासाभराचा डाव विस्कटतो. वरून जाड कापड किंवा फेल्ट घाला: पत्ते उचलताना नखं घासत नाहीत, फाशांचा आवाज कमी होतो आणि सोंगट्या घरंगळत नाहीत.

पंख्याचा प्रश्न कोकणात खरोखर अवघड आहे. एप्रिल-मेमध्ये पंख्याशिवाय बसवत नाही आणि छताचा पंखा थेट टेबलावर असेल तर पत्ते उडतात. भिंतीवरचे पंखे डोक्याच्या वरून वारा जाईल असे लावा आणि टेबलं छताच्या पंख्याच्या बरोबर खाली मांडू नका. इन्व्हर्टर घ्याच. पावसाळ्यात वीज जाते तेव्हाच लोकांकडे वेळ असतो, आणि उजेड असलेलं दुकान तेव्हा भरतं. दिवे पांढऱ्या उजेडाचे लावा. पिवळ्या दिव्याखाली नारिंगी आणि लाल सोंगट्या वेगळ्या ओळखू येत नाहीत. काहींना लाल-हिरव्यातला फरक मुळातच दिसत नाही, त्यांच्यासाठी सोंगट्यांवर ठिपका किंवा रेघ काढून ठेवा.

खाण्यापिण्याबद्दल ठाम राहा. चहा आणि कोकम सरबत टेबलावर ठेवू नका, प्रत्येक खुर्चीशेजारी छोटं स्टूल द्या. भजी आणि फरसाण खेळ संपल्यावर. हात धुवायला बेसिन आणि स्वच्छ स्वच्छतागृह हवंच. बायका आणि मुली दुकानात किती वेळ थांबतील ते यावर ठरतं. चहाफराळ विकणार असाल तर अन्नसुरक्षेची नोंदणी आधी करून घ्या.

पायरी ३: नियम शिकवणं (सगळ्यात जास्त मेहनत इथे घ्या)

गिऱ्हाइकाला सगळ्यात जास्त काय हवं असतं, असं मला कोणी विचारलं तर मी एकच उत्तर देईन: न लाजवता शिकवणारा माणूस. चाळीस वर्षांच्या गृहस्थाला आठवीतल्या मुलासमोर 'मला कळलं नाही' म्हणायला जड जातं. नियमपुस्तिका इंग्रजीत असते, अक्षर बारीक असतं, आणि पहिलं पानच खेळाच्या काल्पनिक गोष्टीत जातं. इथे दुकानदार जी मदत करतो ती ऑनलाइन दुकान कधीच करू शकत नाही.

शिकवण्याचा क्रम असा ठेवा. पहिल्या वाक्यात जिंकायचं कसं ते सांगा. मग आपली पाळी आली की काय काय करता येतं ते सांगा. मग लगेच पत्ते उघडे ठेवून एक फेरी खेळा. अपवाद आणि बारीकसारीक नियम ज्या क्षणी लागतील त्या क्षणी सांगा. सगळे नियम आधी सांगायला गेलात तर तिसऱ्या मिनिटाला लोक मोबाइल काढतात. उभं राहून शिकवू नका, त्यांच्यात बसा. पहिली फेरी झाली की उठा. शिकवणारा माणूस शेवटपर्यंत खेळत बसला आणि जिंकत राहिला तर नवीन माणूस पुन्हा येत नाही.

आणि लोकांना आधीच येत असलेल्या खेळातून सुरुवात करा. कोकणात गणपतीच्या जागरणाला पत्ते खेळलेला माणूस घरोघर सापडतो. हुकूम, उतारी, हात, भिडू हे शब्द त्याच्या तोंडात असतात. 'द क्रू' या खेळात चार रंगांचे १ ते ९ पत्ते असतात आणि शिवाय चार रॉकेटं. मेंढीकोट येणाऱ्याला एवढंच सांगा: 'रॉकेट म्हणजे कायमचा हुकूम. उतारीचा रंग असेल तर तोच टाकायचा. फरक इतकाच, की इथे आपण सगळे एकाच बाजूचे. ठरावीक पत्ता ठरावीक माणसाच्या हातात गेला तर सगळे जिंकलो, नाहीतर सगळे हरलो, आणि हातात काय आहे ते बोलून दाखवायचं नाही.' मेंढीकोटात खुणा करणाऱ्या भिडूंना हे ऐकून जो हुरूप येतो तो बघण्यासारखा असतो.

तसंच, रमी येणाऱ्याला 'रमीक्यूब' द्या. लहानपणी व्यापार खेळलेल्यांना 'कॅटान' जवळचा वाटतो, कारण त्यातली देवाणघेवाण ओळखीची असते. फक्त 'इथे कोणाचं दिवाळं निघत नाही, शेवटपर्यंत सगळे खेळात असतात' हे मुद्दाम सांगा. व्यापारात बाहेर पडून तासभर नुसतं बघत बसल्याची आठवण पुष्कळांच्या मनात असते. बुद्धिबळ खेळणाऱ्यासमोर 'हाइव्ह' ठेवा, तोही दोघांनी डोकं लावून सोंगट्या हलवायचा खेळ आहे.

प्रत्येक उघड्या खेळासोबत मराठी नियमांचं एक पान ठेवा, लॅमिनेट केलेलं. पुस्तिकेचं शब्दशः भाषांतर करू नका, आपल्या शब्दांत लिहा: मांडणी, पाळी, शेवट, गुण, आणि हमखास चुकणाऱ्या दोन-तीन गोष्टी. ते पान आधी ज्याला खेळ अजिबात येत नाही अशा माणसाच्या हातात द्या आणि गप्प बसून बघा. तो जिथे अडेल ते वाक्य पुन्हा लिहा. खोका विकताना या पानाची एक प्रत फुकट द्या. घरी नेलेला खेळ नियमांअभावी माळ्यावर गेला तर ते घर दुसरा खोका घेत नाही.

पायरी ४: फळीवर काय ठेवायचं

सुरुवातीला वीसेक खेळ उघडे ठेवा, खेळून बघण्यासाठी. त्यातले जे पुन्हा पुन्हा मागितले जातील त्यांचेच बंद खोके विकायला आणा. निवड करताना पहिली कसोटी भाषेची. 'अझूल', 'कार्कसॉन', 'ब्लोकस', 'क्वर्कल', 'हनाबी' यांच्या फरशांवर किंवा पत्त्यांवर वाचायला काही नसतं; आकडे, रंग, आकार ओळखता आले की झालं. 'कार्कसॉन'मध्ये ७२ फरशा असतात आणि पाळी आली की एक फरशी जोडायची. आजी आणि नातू बरोबरीने खेळू शकतात असे खेळ थोडे, त्यातला हा एक. 'डिक्सिट' चित्रांवर चालतो आणि गोष्ट सांगायची हौस असलेल्या घरात लगेच रुजतो.

'कोडनेम्स'सारखा शब्दांचा खेळ इंग्रजीत ठेवला तर निम्मी गिऱ्हाइकं गप्प बसतात. त्याला २५ शब्दांचा चौकोन लागतो; एकाने एका शब्दाचा इशारा द्यायचा आणि भिडूंनी त्यावरून त्यातले शब्द ओळखायचे. कोऱ्या कार्डांवर तुमच्या टेबलासाठी मराठी शब्द लिहून घ्या, त्यात तुमच्या गावचे शब्द मिसळा: खळं, वई, होडी, तिरफळ, गजाल, पाणंद. एका शब्दाच्या इशाऱ्यावर 'तिरफळ' आणि 'होडी' जोडायचा प्रयत्न करणारा भिडू आणि त्यावर होणारा वाद हा त्या संध्याकाळचा सगळ्यात चांगला भाग असतो.

वयाच्या खुणेबद्दल गिऱ्हाईक गोंधळतं. परदेशी खोक्यावर '१४+' छापलेलं असतं ते पुष्कळदा लहान मुलांच्या खेळण्यांच्या चाचण्यांशी संबंधित असतं, खेळ अवघड किंवा प्रौढांचा आहे म्हणून नाही. उलट, १४ वर्षांखालच्या मुलांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या खेळण्यांवर भारतात १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. पालकांना ते दाखवा, आणि माल घेताना स्वतःही बघा.

कॅरमला कमी लेखू नका. विक्रीचा पाया तोच ठरेल. स्पर्धेच्या बोर्डाची खेळायची जागा ७४ सेंटिमीटर चौरस असते, सोंगट्या १९: नऊ काळ्या, नऊ पांढऱ्या आणि राणी. स्ट्रायकर जास्तीत जास्त १५ ग्रॅमचा. चांगला खेळणारा माणूस स्ट्रायकर बोटांनी तोलून, दोन-चार फटके मारून मगच घेतो. म्हणून एक बोर्ड कायम मांडलेला ठेवा, त्यावर दिवा सोडा आणि वजनाचा छोटा काटा जवळ ठेवा. हव्या त्या वजनाचा स्ट्रायकर मिळतो हे कळलं की आसपासच्या गावांतून मंडळांची पोरं येतात. सुट्या सोंगट्या, जाळ्या, बोरिक पावडर नेहमी शिल्लक असू द्या. घरी जागा नसलेल्यांना लहान बोर्ड विका, पण स्पर्धेची तयारी करणाऱ्याला तो देऊ नका. अंतराची सवय चुकीची लागते.

बुद्धिबळातही तेच. स्पर्धेच्या पटावरचं घर पाच ते सहा सेंटिमीटरचं असतं आणि राजा साधारण साडेनऊ सेंटिमीटर उंच. नागपूरच्या दिव्या देशमुखने २०२५ मध्ये महिलांचा विश्वचषक जिंकल्यापासून मुलींना बुद्धिबळ शिकवायचं म्हणणारे पालक वाढले आहेत. त्यांना दिखाऊ काचेचा पट नको असतो, गुंडाळता येणारा रेक्झिनचा पट आणि वजनदार प्लॅस्टिकच्या सोंगट्या हव्या असतात, हे ओळखा.

आता गंजिफा. सावंतवाडीत चितारी कलाकार हाताने रंगवतात त्या गोल पत्त्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. सावंतवाडीला जाणारा पर्यटक राजवाड्यात ते बघतो, घेतो आणि घरी फ्रेम करून लावतो, कारण खेळायचे कसे ते त्याला कोणी सांगितलेलंच नसतं. दशावतारी गंजिफाचे १२० पत्ते असतात: दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात राजा, वजीर आणि १ ते १०. तिघे खेळतात, प्रत्येकाला ४०. हुकूम नसतो. निम्म्या रंगांत मोठा आकडा वरचढ, निम्म्यांत लहान. दिवसा ज्याच्याकडे रामाचा राजा असेल त्याची उतारी, रात्री कृष्णाचा राजा असलेल्याची. मेंढीकोट येणाऱ्याला हा खेळ अर्ध्या तासात येतो. हाताने रंगवलेला महाग जोड टेबलावर वापरू नका; जाड पुठ्ठ्यावर साध्या खुणा काढलेला सरावाचा जोड करा, त्यावर शिकवा, आणि ज्याला गोडी लागली त्याला थेट चितार आळीतल्या कलाकारांकडे पाठवा. कोकणातल्या दुकानाने हे केलं नाही तर कोण करणार? माझं यावर मनापासून म्हणणं आहे की महिन्यातली एक संध्याकाळ गंजिफासाठी राखून ठेवावी, भले तिघेच येवोत. खेळाला तिघेच लागतात.

पायरी ५: दमट हवा

हे काम कंटाळवाणं आहे, पण इथे हयगय केली तर भांडवल जातं. जुलै-ऑगस्टमध्ये किनाऱ्यावरच्या हवेतली आर्द्रता ८५-९० टक्क्यांच्या घरात असते. पत्ते वाकतात, एकमेकांना चिकटतात, पुठ्ठ्याच्या पटाचे थर सुटतात, खोक्यांना कुबट वास येतो. गिऱ्हाईक झाकण उघडून आधी वास घेतं, हे लक्षात ठेवा.

आर्द्रता दाखवणारं छोटं यंत्र घ्या आणि साठ्याच्या कपाटात ४५ ते ५५ टक्के राहील असं बघा. फळ्या जमिनीपासून हातभर वर आणि बाहेरच्या भिंतीपासून चार बोटं सुट्या ठेवा. ओल भिंतीतून येते. उघडे खेळ घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिक पेट्यांत, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा. रंग बदलणारी जेल घेणार असाल तर निळी टाळा, नारिंगी घ्या. निळ्या रंगातलं कोबाल्ट अपायकारक आहे आणि टेबलापाशी मुलं असतात. जेल ओली झाली की मंद आचेवर तापवून पुन्हा वापरता येते, मात्र स्वयंपाकाचा तवा वापरू नका.

पत्त्यांना प्लॅस्टिकची आवरणं घाला. सगळ्यात सर्रास माप ६३ × ८८ मिलिमीटर. हीच आवरणं विकायलाही ठेवा, कोकणात प्रत्येक खोक्यामागे ती लागतातच. कॅरम बोर्ड तिरका टेकवून ठेवू नका, सपाट किंवा अगदी सरळ उभा ठेवा, आणि वर कापडाची खोळ घाला. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलं तर आतल्या आत ओल धरते. खाऱ्या वाऱ्याने लोहचुंबकी बुद्धिबळाच्या बिजागऱ्या गंजतात, पावसाच्या तोंडावर त्यांना तेलाचा हात फिरवा. वाळवी आणि कसर यांच्यासाठी महिन्यातून एकदा प्रत्येक पेटी रिकामी करून बघा.

'हाइव्ह'च्या २२ जाड षटकोनी सोंगट्यांना पट लागत नाही आणि पाण्याचं भय नाही. किनाऱ्यावर, होडीत, ओल्या ओटीवर कुठेही चालतो. पावसाळ्यात दर्शनी भागात असे खेळ मांडा.

दुकान नदीकाठच्या बाजारपेठेत असेल तर आणखी एक गोष्ट. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात तळमजल्यावरची दुकानं बुडाली. १ जूनपूर्वी महागाचा साठा माळ्यावर किंवा वरच्या मजल्यावर हलवा, आणि विम्यात पूर येतो का ते कागद वाचून बघा.

पायरी ६: घरच्यांचा विश्वास

गावात 'पत्ते खेळायची जागा' म्हटलं की आईवडिलांच्या मनात पहिला विचार जुगाराचा येतो. ही शंका रास्त आहे, तिच्यावर रागावू नका. दर्शनी भाग मोकळा आणि काचेचा ठेवा, रस्त्यावरून आतली टेबलं दिसू द्या. 'इथे पैसे लावून खेळता येत नाही' अशी पाटी ठळक लावा आणि एक रुपयाच्या पैजेलाही सूट देऊ नका. जुगार प्रतिबंधक कायदा १८८७ पासून आहे आणि पैसे लावून खेळायला जागा देणाराही त्यात सापडतो. स्पर्धांना चषक, प्रमाणपत्र, खेळाचा खोका अशी बक्षिसं ठेवा. प्रवेश शुल्क गोळा करून त्यातून रोख बक्षिसं द्यायचा बेत असेल तर आधी वकिलाशी बोला. तंबाखू आणि सिगारेट आत अजिबात नको.

मुली एकट्या येऊन खेळू शकतात का, ही तुमच्या दुकानाची खरी परीक्षा आहे. त्यासाठी पाट्या पुरत नाहीत. टेबलावर शिवी आली की दुकानदाराने लगेच, सगळ्यांसमोर, शांतपणे थांबवायला हवं. नवीन मुलगी आली की 'ताई, कुठला खेळ बघायचाय?' असं सरळ विचारा, आणि तिला नियम येत नाहीत हे गृहीत धरू नका. शनिवारी सकाळी आयांना मुलांसोबत बोलवा. एकदा काकू येऊन बसल्या आणि त्यांना आवडलं, की वाडीतल्या चार घरांत तुमचं दुकान चांगलं ठरतं.

पायरी ७: भाव

गिऱ्हाईक तुमच्यासमोरच मोबाइलवर भाव बघेल. त्याला बघू द्या. लपवाछपवी करण्यापेक्षा फरक कशाचा ते सांगा: खेळून बघायला मिळतो, मराठी नियमांचं पान मिळतं, सोंगटी हरवली तर बदलून मिळते. टेबलाचं शुल्क घ्या, आणि त्या महिन्यात खोका घेतला तर ते किमतीतून वजा करा. समजा तासाला माणशी तीस रुपये ठेवले, तर तीन वेळा येऊन दोन-दोन तास खेळलेल्या मुलाला खोका १८० रुपयांनी स्वस्त पडतो, आणि ऑनलाइन भावाशी अंतर बरंच कमी होतं.

२२ सप्टेंबर २०२५ पासून पत्ते, बुद्धिबळ, कॅरम आणि लुडोसारख्या पटावरच्या खेळांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे. जुन्या छापील किमतीचा माल असेल तर नवा भाव स्वतःहून सांगा. उधारीचं तुम्ही तुमच्या गावावरून ठरवा. खेळांवर मी देणार नाही, कॅरमच्या पावडरवर देईन.

पायरी ८: वर्षाचं गणित आणि होमस्टे

कोकणातली मोठी विक्री तीन वेळा होते: शिमग्याला, मे महिन्यात आणि गणपतीत. चाकरमानी घरी आलेले असतात, घरात बारा-पंधरा माणसं असतात, मुंबईची मुलं कंटाळलेली असतात. अशा घराला चौघांचा खेळ पुरत नाही. आठ-दहा जणांत, आरतीपूर्वीच्या अर्ध्या तासात संपणारे, मधेच उठून गेलं तरी न बिघडणारे खेळ त्या दिवसांत पुढे मांडा. गणपतीचा माल मेअखेरीस दुकानात पोचलेला हवा. पावसात घाटात दरड आली की कुरिअर आठवडा-आठवडा येत नाही, आणि चतुर्थी काही थांबत नाही.

उरलेल्या महिन्यांसाठी होमस्टेवाल्यांकडे जा. गुहागर, दापोली, मालवण, अलिबाग या पट्ट्यात खोल्या भाड्याने देणाऱ्यांची एकच तक्रार असते: पाऊस लागला आणि वीज गेली की पाहुण्यांना काय द्यायचं? त्यांच्यासाठी एक पेटी बनवा. घट्ट झाकणाची, आत पाच खेळ: एक दोघांचा, एक लहान मुलांचा, एक मोठ्या घोळक्याचा, पत्त्यांचे दोन कॅट आणि लहान बुद्धिबळ. प्रत्येकाचं मराठी-इंग्रजी नियमांचं पान, आणि झाकणाच्या आतल्या बाजूला प्रत्येक खेळात किती वस्तू आहेत त्याची यादी. पाहुणे गेल्यावर घरमालकाला मोजून घेता येतं. हंगाम संपला की पेटी दुकानात बोलवा, हरवलेलं भरून द्या, ओलसर झालेलं बदला, त्याचे पैसे घ्या. एकदा विकलेल्या पेटीतून दर वर्षी काम मिळतं.

त्यासाठी, आणि सगळ्याच गिऱ्हाइकांसाठी, सुट्या भागांचा एक डबा पहिल्या दिवसापासून भरायला लागा: फासे, रंगीत लाकडी ठोकळे, वाळूची घड्याळं, कोरी कार्डं, कॅरमच्या जुन्या सोंगट्या, फाटक्या खोक्यांतलं जे काही वाचेल ते. कुठल्या खेळाचा कुठला तुकडा ते पुडीवर लिहून ठेवा. ज्याची हरवलेली एक सोंगटी तुम्ही डब्यातून काढून दिलीत, तो पुढचा खोका मोबाइलवर भाव न बघता घेतो.